काळ्या मातीचा पदार्थपाठ



रिद्धपूरच्या शिवारातील काळी माती पाण्याने फुगते, हातापायांस चिकटते व उन्हात भेगाळते. हा पदार्थपाठ येथील बालकास शाळेत येण्यापूर्वीच मिळालेला असतो. १९४५ साली बोर्डी येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी परिसरातील अशाच वस्तूंना शिक्षणसाधनांचे स्थान दिले.

हल्ली मुलांना ‘स्लाईम’ नामक चिकट लगद्याचे आकर्षण आहे. घरी तो करताना गोंदात टाकणखार मिसळतात. टाकणखार पोटात जाणे अपायकारक. आणि पहिलीतील मूल बोट तोंडात घालणारच! तेव्हा वर्गात तो नसावा.

त्याऐवजी दोन वाट्या कॉर्नफ्लोअरमध्ये सुमारे वाटीभर पाणी थोडे थोडे घालावे. (गिरणीतून दळलेले मक्याचे पीठ चालत नाही.) हा लगदा झटकन दाबला असता कण एकमेकांत अडकून घट्ट होतो, मूठ सैल सोडताच बोटांतून ओघळतो. कारण मागाहून सांगावे; आधी मुलांना नवल वाटू द्यावे.

जेथे घरी धान्य मोजून रांधतात, तेथील मुलांपुढे अन्न खेळावयास ठेवणे शिक्षकास खटकेल, व ते योग्यच आहे. अशा ठिकाणी चाळलेली काळी मातीच कालवावी. मात्र कपाशीच्या वा संत्र्याच्या फवारलेल्या वावरातील माती घेऊ नये, आणि खेळ संपताच मुलांचे हात साबणाने धुवून घ्यावेत.