बाजार पडणार म्हणतात, तेव्हा



ऑक्टोबर 2010 मध्ये कोल इंडियाचे शेअर पहिल्यांदा विक्रीला आले, 245 रुपयांना. कर्मचाऱ्यांसाठी राखीव कोटा होता. वेस्टर्न कोलफिल्ड्स म्हणजे वेकोलि ही कोल इंडियाचीच उपकंपनी, त्यामुळे आपल्या वणीजवळच्या उकणी, मुंगोलीच्या खदानींवरच्या लोकांनाही ते घेता आले. पुढे हाच शेअर चारशेच्या वर गेला, 2020 मध्ये दीडशेच्या खाली घसरला आणि 2024 मध्ये त्याने पाचशेचा टप्पा ओलांडला. पडत्या काळातही लाभांश मिळत राहिला.

एवढे चढउतार बघूनही, बाजार पडणार अशी चर्चा सुरू झाली, की लोक विचारतात, सगळं विकून मोकळं व्हावं का? माझा त्यांना एकच प्रश्न असतो: पैसा तुम्हाला कधी लागणार आहे?

कारण पडझडीचा मुहूर्त कोणालाच सापडत नाही. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,900 हून अधिक अंकांनी कोसळून 26 हजारांच्या खाली बंद झाला. जानेवारी 2021 मध्ये त्याने पन्नास हजारांना स्पर्श केला. भीतीने बाहेर पडलेल्यांपैकी किती जण वेळेवर परत शिरले असतील? आपल्या कापसाचंच बघा. 2022 च्या सुरुवातीला भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात त्याच आशेने कित्येकांनी कापूस घरात भरून ठेवला आणि भाव आठ हजारांच्याही खाली आला.

समजा, वेकोलितल्या एका डंपर ऑपरेटरचे दहा लाखांचे शेअर आहेत, त्यातले सहा लाखांचे कोल इंडियाचे. निवृत्तीला दहा वर्षं आहेत, पण येत्या मे महिन्यात मुलीचं लग्न आहे आणि त्याला चार लाख हवेत. हे चार लाख लग्नाआधीच बाजाराबाहेर काढावेत, बाजार चढो की पडो. तेही कोल इंडियातूनच काढावेत. पगार, बोनस, पेन्शन कोळशावर आणि बचतही कोळशावर, हा धोका मला पडझडीपेक्षा मोठा वाटतो. उरलेल्या सहा लाखांना हात लावू नये. म्युच्युअल फंडातली दर महिन्याची एसआयपी चालू असेल तर तीही थांबवू नये, कारण भाव उतरले की तेवढ्याच पैशांत जास्त युनिट पदरात पडतात.

विकताना कराकडेही लक्ष द्या. वर्षभराहून जास्त काळ ठेवलेल्या शेअरवर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही; त्यावरच्या नफ्याला साडेबारा टक्के आहे. म्हणून या ऑपरेटरने विकायच्या शेअरपैकी निम्मे 31 मार्चच्या आत विकावेत आणि निम्मे एप्रिल उजाडताच. सूट दोन्ही वर्षांची मिळेल, आणि मंडपवाल्याचा इसार द्यायला पैसे वेळेवर बँकेत असतील.