लेकराची ओळख



हातून एखादे काम बिघडते. मन म्हणते, 'काम फसले.' इथवर ठीक आहे. पण थोड्याच वेळात तेच मन म्हणू लागते, 'मीच फुकट आहे.' कामाला लावायचे लेबल आपण माणसाला लावतो आणि खचतो.

ख्रिस्ती श्रद्धा नेमकी इथे आपला हात धरते. शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा आकाशातून वाणी झाली आणि देवाने त्याला आपला प्रिय पुत्र म्हटले. येशूच्या जाहीर कार्याला तेव्हा सुरुवातही झाली नव्हती. प्रेम आधी मिळाले, कर्तृत्व नंतर आले. पुढे अरण्यात चाळीस दिवसांच्या उपवासानंतर सैतानाने घाव घातला तो या ओळखीवरच. खरोखर पुत्र असशील तर सिद्ध करून दाखव, असे त्याचे म्हणणे. येशूने काही सिद्ध केले नाही. तो शास्त्रवचनाच्या आधारे ठाम राहिला.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी ही ओळख इतरांना वाटली. आईवडील आणि बहीण त्यांनी दुष्काळात गमावली होती. १८८२ साली पतीही गेले. दुसऱ्या वर्षी त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि स्त्रिया त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या. त्यांत विधवाही होत्या. 'पांढऱ्या पायाची' हे शब्द ऐकून ऐकून त्या काळची विधवा स्वतःलाही तेच समजू लागे. केडगावात तिला कळले, की आपण देवाची लेक आहोत. रमाबाई नुसते सांगून थांबल्या नाहीत. या स्त्रियांना त्यांनी अक्षरे शिकवली, विणकाम, शेती, छपाईची कामे दिली.

म्हणून मन पुन्हा 'मी फुकट' म्हणेल, तेव्हा त्याला विचारावे, 'बाबा रे, हे बोल कोणाचे?' बहुधा कधीतरी कुणी रागात बोललेले आपण जपून ठेवलेले असते. मग दोन मिनिटे शांत बसून प्रार्थनेत एवढेच म्हणावे, की बापा, मी तुझे लेकरू आहे. आणि समोरचे एखादे लहानसे काम हाती घ्यावे.

असे विचार एका दिवसात जात नाहीत. झोप-भूक हरवण्याइतकी उदासी दाटली, तर डॉक्टरांकडे जावे. त्याने श्रद्धा उणी होत नाही.

लेकरू चुकते, पडते, रडते. तरी ते लेकरूच असते.