बक्षीस देऊ, पण कुणाच्या नजरेनं?

(वसईत महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



फारशा कुणी न पाहिलेल्या, कमी पैशांत काढलेल्या चित्रपटांना आपल्या मंडळांनी मिळून दरवर्षी बक्षीस द्यावं, असा प्रस्ताव आज आपल्यापुढे आहे. त्याला माझा पाठिंबा आहे. नालासोपाऱ्याच्या वस्त्यांत काम करताना जे दिसलं, त्यावरून काही मुद्दे मांडते.

१९८१ साली दीपा धनराज आणि त्यांच्या ‘युगांतर’ गटानं ‘मोलकरीण’ हा माहितीपट काढला. पुण्यातल्या घरकामगार बायकांनी संघटना कशी बांधली, हे त्यात बायकाच सांगतात. पुढच्या वर्षी निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ आला. आमच्या गटातल्या घरकाम करणाऱ्या एकीनंही यातलं काही पाहिलेलं नव्हतं. ज्यांची गोष्ट, त्यांच्यापर्यंतच ती पोचत नाही.

मोठ्या महोत्सवांची वाट पाहायची गरज नाही. २००४ सालच्या मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना आधी सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली; विरोधानंतर ती मागे घेतली, पण बरेच चित्रपट नाकारले गेले. तेव्हा दिग्दर्शकांनी एकत्र येऊन ‘विकल्प’ हा आपला स्वतंत्र महोत्सव भरवला. एकजूट असली की पडदा उभा राहतो.

आता एक कटू गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एका बाईनं नवऱ्याच्या मारहाणीची हकीकत कॅमेऱ्यापुढे सांगितली. तयार झालेला चित्रपट तिला कुणी दाखवलाच नाही. तो मोबाइलवरून सासरी पोचला आणि तिला दोन मुलांना घेऊन घर सोडावं लागलं. त्याच चित्रपटाला कुठलंसं पारितोषिक मिळाल्याचं आम्हाला मागाहून कळलं. विषय स्त्रीप्रश्नाचा होता, पण त्या बाईचा विचार कुणी केला?

म्हणून मला वाटतं, चित्रपट निवडताना आपण आधी तीन प्रश्न विचारावेत. पडद्यावरच्या बाईची संमती कशी घेतली? बाहेर दाखवण्याआधी तिला दाखवला का? नको असलेला भाग काढायला सांगायचा हक्क तिला होता का? याची नीट उत्तरं नसतील, तर चित्रण कितीही सुंदर असो, आपलं बक्षीस त्याला नको.

परीक्षक आपल्यातल्याच असाव्यात. घरकाम करणाऱ्या, मासळी विकणाऱ्या, कॉलेजात शिकणाऱ्या. खेळ दुपारी ठेवावेत. संध्याकाळी पाणी भरायचं, स्वयंपाक करायचा, तेव्हा कोण येणार? बक्षिसाच्या निधीतला काही भाग चित्रपटाची प्रत घ्यायला आणि वस्त्यांतल्या खेळांसाठी राखून ठेवावा. ढाल कपाटात राहते, चित्रपट मात्र बायकांमध्ये फिरला पाहिजे.

प्रत्येक मंडळानं परीक्षक म्हणून दोघींची नावं आजच द्यावीत, एवढी विनंती करून थांबते.