उद्याचे रॅलीचालक आणि काळ्या रानातील मुले



अध्यक्षपदासाठी माझे नाव सुचविणाऱ्यांचे, त्यास अनुमोदन देणाऱ्यांचे आणि अक्कलकोटच्या रस्त्यावरील या गावी मोटारक्रीडेच्या परिषदेचा इतका चोख बंदोबस्त ठेवणाऱ्या वळसंगकरांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे, व तो मी लिहून आणलाही आहे. परंतु कार्यक्रमपत्रिकेवर ‘पुढील पिढीचे अव्वल रॅलीचालक’ हा विषय पाहिल्यावर, अनेक वर्षे मनात धरून ठेवलेली एक कैफियत आज मांडलीच पाहिजे असे मला वाटू लागले. आढावा मी चिटणिसांच्या दप्तरी रुजू करतो. ज्यांना हवा त्यांनी तो तेथे पाहावा.

उद्याचा चालक हेरण्याची आपल्याकडील रीत सर्वांना ठाऊक आहे. शहरालगतच्या एखाद्या आखीव मार्गावर उमेदवारांना बोलवावयाचे, भरभक्कम शुल्क घ्यावयाचे, प्रत्येकास एक-दोन फेऱ्या द्यावयाच्या आणि घड्याळात ज्याची वेळ सर्वांत कमी त्याच्या गळ्यात माळ घालावयाची. ही परीक्षा वेगाची आहे, रॅलीची नव्हे, हे माझे म्हणणे मी अनेक बैठकांत मांडले आणि अनेक बैठकांत ते इतिवृत्तात नोंदलेसुद्धा गेले नाही.

रॅलीत एकाच मार्गावर घिरट्या घालावयाच्या नसतात. स्पर्धेपूर्वी चालक व सहचालक तो रस्ता बेताच्या वेगाने पाहून येतात, प्रत्येक वळणाची, चढाची, खड्ड्याची टिपणे करतात, आणि स्पर्धेच्या वेळी सहचालक ती वाचीत असता चालकास अद्याप न दिसलेल्या वळणावर केवळ कानांच्या भरवशावर गाडी घालावी लागते. पहिली गाडी सैल खडी झाडून नेते. मागून येणाऱ्यांस कधी स्वच्छ रस्ता लाभतो, तर कधी खोल चाकोऱ्या वाट्यास येतात. मध्येच पाऊस आला म्हणजे सकाळची टिपणे दुपारी अर्धी खोटी ठरतात. तेव्हा ज्याचे हात माती बदलताच बदलतात आणि ज्याचा कान गडबडीत मिटत नाही, तोच पुढे येणार. पहिल्या फेरीचा आकडा यांपैकी कशाचाही दाखला देत नाही.

काल येथे वाद झाला की, सहाव्या-सातव्या वर्षी गाडीत न बसलेला मुलगा पुढे जाऊच शकत नाही. फिनलंडच्या काल्ले रोवनपेराचे उदाहरण देण्यात आले, आणि ते खरे आहे: वडील हॅरी स्वतः नामांकित रॅलीचालक, मुलगा बालपणापासून गाडीत, 2021 साली एस्टोनियात जागतिक मालिकेतील सर्वांत तरुण विजेता आणि 2022 साली बाविसावा वाढदिवस उलटताच जगज्जेता. पण फ्रान्सच्या सेबास्तियाँ लोएबचे काय? तो मूळचा जिम्नॅस्ट. 1995 व 1996 साली त्या देशातील तरुण चालकांच्या निवडस्पर्धेत उतरला आणि अंतिम निवड दोन्ही वेळा दुसऱ्याची झाली. त्याच लोएबने 2004 ते 2012 अशी सलग नऊ वर्षे जागतिक अजिंक्यपद कोणाच्या हाती जाऊ दिले नाही. पुढे त्याच स्पर्धेतून सेबास्तियाँ ओजिए निवडला गेला, जो त्याआधी बर्फावर घसरण्याची विद्या शिकवीत असे. परीक्षा चांगली असली तरी चुकते, म्हणून ती पुनःपुन्हा आणि सर्वांसाठी घ्यावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या घरचेही दाखले आहेत. पुण्याचे संजय टकले मोटोक्रॉसच्या धुळीतून रॅलीकडे वळले, आशिया-पॅसिफिक मालिकेत झुंजले आणि पन्नाशी ओलांडल्यावर, 2025 साली, सौदी अरेबियातील डकार रॅलीच्या क्लासिक विभागात उतरले. दिल्लीच्या गौरव गिल यांनी 2013, 2016 व 2017 साली आशिया-पॅसिफिक अजिंक्यपद पटकावले आणि 2019 साली अर्जुन पुरस्कार मिळविणारे ते मोटारक्रीडेतील पहिले भारतीय ठरले. नाशिकने महाराष्ट्र रॅली नावारूपास आणली. मग पुढचे नाव कोठून यावयाचे, असे विचारणाऱ्यांना मी स्वतः पाहिलेली हकीकत सांगतो; वाद तेवढ्याने मिटावा.

एका निवडचाचणीत मी घड्याळापाशी होतो. उमेदवारांत याच तालुक्याच्या बाजूचा, नुकता अठरा वर्षे पूर्ण झालेला, उसाचा ट्रॅक्टर हाकणारा एक मुलगा होता. शुल्क गावच्या दुकानदाराने भरले होते. पहिल्या फेरीत तो पार मागे राहिला, कारण कोरड्या डांबरी वळणावर गाडी फेकण्याची त्याला सवय नव्हती. दुपारी धूळ बसविण्यासाठी टँकर आला आणि चालविणाऱ्याच्या निष्काळजीपणाने कच्च्या भागावर नको तितके पाणी पडले. त्यानंतर आघाडीची मुले एकामागून एक ब्रेक दाबून आडवी जाऊ लागली. हा मुलगा वळणाच्या बराच अलीकडे, गाडी अद्याप सरळ असताना, ब्रेक सोडून मोकळा झाला. स्टिअरिंग त्याने दोन्ही हातांत सैल धरले होते, चाक घसरले की तेवढ्यापुरते परतवावयाचे आणि अॅक्सिलरेटर मात्र एकसारखा ठेवावयाचा. त्याची दुसरी वेळ पहिलीपेक्षा फारशी वाढली नाही. बाकी सर्वांची वाढली. ज्याने पावसाळ्यात काळ्या रानात चिखलाने माखलेल्या चाकांनी भरलेली ट्रॉली बाहेर काढली आहे, तोच असे करू जाणे. तेथे ब्रेक मारणारा रुततो आणि जोर करणारा खड्डा खोदतो.

समितीने पहिल्याच फेरीचा आकडा ग्राह्य धरला. मी हरकत घेतली, तेव्हा पुढील प्रशिक्षणाचा खर्च या मुलाला झेपणार नाही, असे उत्तर मिळाले. तो आज टेम्पो चालवितो, उत्तम चालवितो. पण त्या दिवशी त्या वळणावर मी जे पाहिले ते निवडलेल्यांपैकी एकाच्याही हातात मला दिसले नव्हते, आणि ही खंत आजही माझ्या मनातून जात नाही.

काही तरुण मित्र म्हणतात की आता पडद्यावरील खेळाने चाळणी लावावी. जागतिक महासंघाच्या तरुण-शोध योजनेने पहिली चाळणी अशीही लावली, आणि त्या योजनेतून आलेला एस्टोनियाचा रोमेत युर्गेन्सन 2024 साली कनिष्ठ जगज्जेता झाला, हे मला मान्य आहे. त्या साधनाला माझा विरोध नाही. टिपणे ऐकण्याची परीक्षा त्यावर घेता येईल. परंतु माती बदलल्याचे चालकाला आधी पाठीखालच्या बैठकीतून कळते, ते कोणताही पडदा कळवीत नाही.

माझी मागणी एवढीच आहे की, चाचणी सोलापूर, धाराशिव, लातूर, विजयपूर या पट्ट्यात व्हावी, गाडी सर्वांना एकच असावी, शुल्क नसावे, एकच मार्ग आधी कोरडा आणि मग ओला करून द्यावा, एका फेरीत शेजारी सहचालक टिपणे वाचीत असावा, आणि गुण दोन वेळांमधील फरकावर द्यावेत. मुलींनाही हीच गाडी, हाच मार्ग. अठरा वर्षांखालील कोणी सार्वजनिक रस्त्यावर गाडी काढू नये, हा कायदा आम्हांला शिरोधार्य आहे. चाचणी बंद आवारात, शिरस्त्राण, पट्टे आणि रुग्णवाहिकेसह व्हावी.

हे कोणी करावे, पैसा कोठून आणावा, याचा तपशील मजपाशी अद्याप पूर्ण नाही. राष्ट्रीय महासंघाकडे अर्ज पाठविला पाहिजे, एखाद्या साखर कारखान्याचे आवार हंगाम संपल्यावर मागता येईल, जुनी पण धडधाकट अशी एक गाडी गॅरेजवाल्यांनी मिळून उभी करावी, असे मनात आहे. ज्यांना यात हात द्यावयाचा आहे त्यांनी भोजनानंतर मंडपाच्या उत्तरेकडील टेबलापाशी आपले नाव, गाव आणि काय देता येईल ते चिटणिसांकडे लिहून द्यावे.