पंक्तिसेवेचं कृपादान

(ख्रिस्ती साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



  

अध्यक्षानं साहित्याचा आढावा घ्यावा अशी आपली रीत आहे. फादर स्टीफन्सांचं 'ख्रिस्तपुराण' 1616 साली राचोलला छापलं गेलं. विल्यम केरींच्या प्रयत्नानं मराठी नवा करार 1811 मध्ये सेरामपूरहून निघाला. 1842 पासून 'ज्ञानोदय', 1857 मध्ये बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन', पुढे पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. आणि आपल्या डोळ्यांदेखत 2020 साली वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ही परंपरा आपल्या सर्वांना पाठ आहे, म्हणून मी आढावा इथेच थांबवते. संमेलनाचा यंदाचा विषय 'आत्म्याची कृपादानं', म्हणजे पवित्र आत्म्यानं विश्वासणाऱ्यांना दिलेली दानं, असा आहे आणि त्या विषयावर माझं एक म्हणणं फार वर्षांपासून आत साचलेलं आहे. ते आज सांगितलं नाही तर पुन्हा कधी सांगणार?

माझं म्हणणं असं की, आपल्या मंडळ्यांनी कृपादानांमधलं एक दान दान म्हणून कधी मोजलंच नाही. ते दान साहाय्याचं. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा बारावा अध्याय उघडा. अठ्ठाविसाव्या वचनात पौल एकेक नाव घेत जातो आणि निरोगी करण्याच्या दानांपाठोपाठ साहाय्य करणाऱ्यांना बसवतो. त्यांच्यानंतर व्यवस्था पाहणारे येतात आणि अन्य भाषा, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेनं न शिकलेल्या भाषा, बोलणारे त्याहीनंतर. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात दुसरी यादी आहे. तिच्यात अन्य भाषा नाहीत, रोग बरे करणंही नाही. सेवा आहे, दान देणं आहे, दया करणं आहे. पेत्र तर सगळ्या दानांचे दोनच वर्ग करतो: बोलणाऱ्यांचा आणि सेवा करणाऱ्यांचा. म्हणजे त्याच्या हिशेबानं निम्मी दानं हातांनी करायची आहेत. आपल्या कन्व्हेन्शनच्या पत्रिका चाळून पाहा. वक्ते कोण, गायन कोणाचं, रोग्यांसाठी प्रार्थना कोण करणार, हे ठळक छापलेलं असतं. हजार माणसांचा स्वयंपाक कोण करणार, खेड्यातून आलेल्या बायका रात्री कुठे निजणार आणि त्यांच्या लेकरांना ताप आला तर कोण उठणार, हे कुठेच नसतं. ते होऊन जातं.

ते आपोआप होत नाही, हे मला माहीत आहे, कारण माझं सगळं आयुष्य ते करणाऱ्यांमध्ये गेलं. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मिशन दवाखान्यात मी परिचारिका होते, पुढे मेट्रन झाले. लिहायला लागले ती रात्रपाळीत.

काल संध्याकाळच्या परिसंवादात दोन विद्वान पाळकांची चांगलीच जुंपली. एकाचं म्हणणं होतं की, अन्य भाषांसारखी दानं प्रेषितांच्या काळापुरती होती, नवा करार पूर्ण झाला आणि त्यांची गरज संपली. दुसऱ्याचं म्हणणं होतं की, आत्म्याच्या बाप्तिस्म्याची तीच खूण आहे आणि ती नसेल तर मंडळी कोरडी. दोघांचाही अभ्यास मोठा आहे. मी अभ्यासानं उत्तर देणार नाही, पाहिलेलं सांगते.

दवाखान्याच्या गावापासून कोसभर अंतरावर एक म्हातारी राहायची. विधवा होती, तरुणपणी मिशनची बायबल बाई, म्हणजे घरोघर जाऊन बायबल वाचून दाखवणारी, होती. नंतर मिशनचा पगार बंद झाला तरी तिचं फिरणं बंद झालं नाही. ती सुईणपण करायची. अडलेली बाई असली की स्वतः बैलगाडीत बसून तिला आमच्याकडे घेऊन यायची आणि दोघं मोकळी होईपर्यंत, म्हणजे आई आणि मूल, व्हरांड्यात बसून राहायची. एका पावसाळ्यात ओढ्याला पूर आला आणि मला तिच्या घरी मुक्काम करावा लागला. पहाटे जाग आली तेव्हा ती चुलीपाशी बसून प्रार्थना करत होती. ते शब्द मराठी नव्हते आणि मला माहीत असलेल्या कुठल्याच भाषेतले नव्हते. आवाज इतका हळू की शेजारच्या खोलीतही गेला नसता. थोड्या वेळानं ती उठली, चहा टाकला आणि मला म्हणाली, "बाई, पलीकडच्या वाडीत एक पोर नवव्या महिन्यात हाय. पाणी उतरलं की बघून येऊ." मी प्रार्थनेविषयी विचारलं तर एवढंच म्हणाली, "ते माझं आन् त्याचं."

ज्यांना वाटतं ही दानं संपली, त्यांना मी सांगते की मी ऐकलंय. ज्यांना वाटतं तीच खूण, त्यांना सांगते की या बाईनं ती खूण कोणाला कधी दाखवली नाही. वाडीतल्या बायकांना तिच्यात आत्मा आहे हे कळलं, ते ती आडवेळी यायची म्हणून. पौलानं करिंथच्या मंडळीला हेच समजावलं आहे. अन्य भाषेत दहा हजार शब्द बोलण्यापेक्षा समजतील असे पाच शब्द त्याला अधिक मोलाचे वाटतात आणि दानांच्या दोन अध्यायांच्या मध्ये त्यानं प्रीतीचा अध्याय ठेवला आहे. तो अध्याय आपण लग्नात वाचतो. तो कृपादानांवरून भांडणाऱ्या मंडळीला लिहिलेला आहे हे विसरतो.

ही म्हातारी वारली तेव्हा पाळकांनी कबरेपाशी फार थोडं सांगितलं, कारण त्यांना फारसं माहीत नव्हतं. ते नुकतेच बदलून आले होते. मी तिच्यावर एक लेख लिहिला आणि एका ख्रिस्ती नियतकालिकाकडे पाठवला. तो परत आला. सोबत चिठ्ठी होती की, या भगिनीकडे मंडळीचं किंवा संस्थेचं कोणतंही पद नव्हतं, तेव्हा निधनवार्ता म्हणून दोन ओळी छापता येतील. त्या दोन ओळीही छापल्या गेल्या नाहीत. मित्रांनो, आज या व्यासपीठावरून मला जे सांगायचं आहे, त्याचं मूळ त्या चिठ्ठीत आहे.

आपल्या साहित्यानं बोलणाऱ्यांची चरित्रं लिहिली. मिशनरी, प्रवचनकार, कीर्तनकार, कवी, सगळ्यांची. ती लिहायलाच हवी होती. पण नगर, जालना, वाई, मिरज, सगळीकडे घरोघर फिरलेल्या बायबल बायांचं काय? त्यांतल्या कितीतरी बालविधवा होत्या, कितीतरी दुष्काळातून वाचवलेल्या. सोवळ्याओवळ्याच्या घरात मागच्या दारानं जाऊन त्यांनी बायकांना अक्षरं शिकवली, आजाऱ्यांना औषध दिलं, पोथीसारखं पुस्तक उघडून वाचून दाखवलं. मिशनच्या अहवालांत त्या बहुतेक वेळा आकड्यात येतात, नावानं फार क्वचित. ते परक्यांनी लिहिलेले अहवाल होते. आपण मराठीत काय लिहिलं?

मुक्तीचं उदाहरण घ्या. जून 1905 मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं, ते लॉस एंजेलिसमधल्या अझूसा स्ट्रीटच्या संजीवनाच्या आधीचं. मिनी अब्राम्स या तिथल्या सेविकेनं त्यावर 1906 मध्ये लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिलीपर्यंत पोचली आणि तिथल्या संजीवनाला कारण झाली. केडगावच्या मुलींचं रडणं, प्रार्थना, अन्य भाषा, हे सगळं जगभर लिहिलं गेलं. पण त्या मुली कोण होत्या? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि 1900 च्या सुमाराला गुजरातमधून आणलेल्या, हाडांचे सापळे झालेल्या. त्यांना न्हाऊमाखू कोणी घातलं, उवा कोणी काढल्या, पेज कोणी पाजली? आधी आलेल्या मुलींनी नंतर आलेल्यांना. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, अंध मुलींची शाळा, हे सगळं त्याच हातांनी उभं केलं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या भाषांतराचे खिळे जुळवायलाही मुक्तीतल्याच बायका होत्या. रमाबाईंनी अन्य भाषा नाकारल्या नाहीत आणि त्या प्रत्येकाला मिळाल्याच पाहिजेत असा आग्रहही धरला नाही. त्यांना हे कळत होतं, कारण त्यांच्या अंगणात अन्य भाषांचं आणि साहाय्याचं अशी दोन्ही दानं एकाच वेळी चालू होती. संजीवनाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी प्रार्थनेची खोली पाहिली आणि स्वयंपाकघर सोडलं. मला हे मान्य नाही. निर्गमाच्या पुस्तकात देवाच्या आत्म्यानं परिपूर्ण केलेला बसालेल कारागीर आहे. सोनं, लाकूड, दगड घडवणारा. तोच आत्मा मुक्तीच्या छापखान्यात नव्हता, असं कोण म्हणेल?

लक्ष्मीबाईंविषयी एवढंच बोलते, कारण त्यांच्यावर इथे नेहमी बोललं जातं. 'ख्रिस्तायन' टिळकांनी सुरू केलं आणि ते अपुरं ठेवून 1919 मध्ये ते गेले. पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. 'स्मृतिचित्रे' लिहिताना त्यांनी घरातली भांडी, परक्यांची वाढवलेली पोरं, रिकामे डबे, सगळं लिहिलं. म्हणून ते पुस्तक टिकलं. आमच्या बाकीच्या चरित्रांत नायक उपदेश करून घरी येतो तेव्हा जेवण तयार असतं आणि लेखक त्याकडे बघत नाही.

आता मंडळीत कृपादानं ओळखण्याविषयी आणि वापरण्याविषयी. गेल्या काही वर्षांत आपल्या तरुणांच्या शिबिरांत एक छापील प्रश्नावली आली आहे. परदेशातून आलेली, भाषांतरित. शंभरावर प्रश्न, प्रत्येकाला गुण, शेवटी बेरीज आणि तुमचं कृपादान कोणतं ते उत्तर. अशाच एका शिबिरात मला बोलायला बोलावलं होतं. एका मुलाच्या कागदावर सगळीकडे मधलेच गुण पडले आणि तो हिरमुसून बसला. त्याच्या मंडळीतल्या बायकांना मी सहज विचारलं, "हा काय करतो?" त्यांनी सांगितलं, "दाखला, रेशनकार्ड, पोराची फी माफी, दवाखान्याचा अर्ज, काहीही असो, तहसीलला सोबत हाच येतो. दिवस मोडतो स्वतःचा." त्या मुलाला कोणी कधी सांगितलं नव्हतं की हे कृपादान आहे. प्रश्नावलीनंही सांगितलं नाही. बायकांना ते ठाऊक होतं.

माझ्या मते दान ओळखण्याचा रस्ता हा आहे. अडीअडचणीला, रात्री-बेरात्री मंडळी कोणाचं दार ठोठावते ते विचारा. माणसाला स्वतःविषयी विचारू नका, त्याच्या शेजाऱ्याला विचारा. मग वडीलमंडळानं त्याला बोलावून सांगावं, उपासनेत उभं करून त्याच्यावर हात ठेवावेत. यरुशलेमच्या मंडळीत विधवांच्या रोजच्या अन्नवाटपावरून कुरकुर झाली तेव्हा पंक्तिसेवेसाठी सात जण निवडले. निवडताना अट काय होती? आत्म्यानं आणि ज्ञानानं भरलेले असावेत. वाढपासाठी ही अट! आणि प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. आपण पाळकांच्या दीक्षेला बिशप बोलावतो, मंडप घालतो. आजाऱ्यांपाशी बसणाऱ्या बाईच्या डोक्यावर आजवर कोणी हात ठेवलेला मी पाहिला नाही.

आणखी एक गोष्ट मी सौम्यपणे सांगणार नाही. साहाय्याला दान म्हणायचं नाही आणि 'सेवा आहे' म्हणून फुकट राबवून मात्र घ्यायचं, हा व्यवहार बंद झाला पाहिजे. ज्याला बोलण्याचं दान आहे त्याला आपण सेमिनरीत पाठवतो, पुस्तकं देतो, रजा देतो. ज्याला सेवेचं दान आहे त्याला काय देतो? घरोघर आजाऱ्यांकडे जाणाऱ्या बाईला रुग्णसेवेचं साधं प्रशिक्षण नाही, एसटीचं भाडं नाही, ती थकली तर तिच्या जागी जाणारं दुसरं कोणी नाही. अशा बायका खंगताना मी पाहिल्यात. दुसरीकडे पाळकांना आपण सगळीच दानं असल्यासारखं वागवतो. शिकवायचं त्यांनी, हिशेब त्यांनी, भांडणं त्यांनी मिटवायची, छपराचा पत्राही त्यांनीच बघायचा. मोशेला त्याच्या सासऱ्यानं सांगितलं होतं की अशानं तू आणि लोक दोघेही झिजून जाल. इफिसकरांस पत्रात पाळक आणि शिक्षक दिले आहेत ते पवित्र जनांना सेवेसाठी तयार करायला. सगळी सेवा एकट्यानं करायला दिलेले नाहीत. तरुण पाळक आजारी पडतात, सेवा सोडून जातात, तेव्हा वडीलमंडळाला आश्चर्य वाटतं. मला वाटत नाही.

यातून आपल्या लेखकांसाठी काही कामं निघतात. बायबल बायांची एक नोंदवही व्हावी. जिल्हावार की मिशनवार, ते ठरवावं लागेल. 'ज्ञानोदय'चे जुने अंक, मंडळ्यांची बाप्तिस्म्याची आणि दफनाची दप्तरं, घरातली पत्रं, जे हाताला लागेल ते पाहावं. मिशन दवाखान्यांतल्या आया, वॉर्डबॉय, स्वयंपाकीण यांच्या आठवणी आज ऐंशी-नव्वदीच्या लोकांकडेच उरल्या आहेत. त्या कोणीतरी ध्वनिमुद्रित कराव्यात. मराठीत कृपादानांवर आपलं स्वतःचं एखादं छोटं पुस्तक निघावं, प्रश्नावली नसलेलं. पैसा कुठून येईल आणि हे कोणी करायचं, हे मी आज सांगू शकत नाही. वसईच्या कॅथॉलिक बंधूंनीही सोबत यावं असं फार वाटतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर सामान्य भाविकांच्या कृपादानांवर त्यांच्याकडे बराच विचार झाला आहे.

ठराव मात्र मी लिहून ठराव समितीकडे दिला आहे. पद नसलेल्या सेवकाच्या निधनाचा लेख केवळ पद नव्हतं या कारणासाठी कोणत्याही ख्रिस्ती नियतकालिकानं परत पाठवू नये, एवढंच त्यात आहे. इथे चार संपादक बसलेले मला दिसताहेत. त्यांचा विरोध असेल तर तो त्यांनी दुपारच्या सत्रात उभं राहून मांडावा. मी शेवटपर्यंत थांबणार आहे.