भिंतीवरच्या रेघा



आमची आई वारली तेव्हा पुष्कळांनी तिला साक्षात अन्नपूर्णा म्हटले. प्रेमानेच म्हटले. परंतु देवीला वेतन लागत नाही, आणि आमची आई तर गिरणगावातील खानावळवाली होती.

दहा बाय बाराची खोली. तीत आम्ही पाच माणसे, आणि जेवायला वीस मेंबर. कोकणातून, घाटावरून आलेले हे एकटे कामगार गाळ्यात राहत व खानावळीत जेवत. गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणून चूलही तीन पाळ्यांत चाले. पहिल्या पाळीला पहाटे भाकरी हवी. दुसऱ्या पाळीचा मध्यरात्रीच्या सुमारास सुटे, त्याचे ताट झाकून ठेवायचे. आई नेमकी केव्हा झोपे हे आम्हां भावंडांना कधी कळले नाही. कोणी मेंबर तापाने पडला तर त्याची पेज वेगळी. हिशेब ती भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवी. पगार झाला की तो चुकता होई.

18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या संपाच्या इतिहासात दत्ता सामंत येतात, मालक येतात, सरकार येते. पहिले काही महिने कामगार कोणाच्या उधारीवर जेवला, हे क्वचितच येते. आमच्या भिंतीवर रेघा वाढत गेल्या आणि आईच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या. पुढे मेंबर गावी पांगले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. चुना लावताना आई तेवढी भिंत सोडून देई.

प्रेमाताई पुरव यांनी या बायांचे श्रम आधीच ओळखले होते. 1975 साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले व खानावळवाल्यांना बँकांची कर्जे मिळवून दिली. बँकेने कर्ज दिले म्हणजे बाईचा धंदा मान्य केला. कामगार संघटनांच्या नोंदवहीत मात्र तिच्यासाठी रकाना नव्हता. तिची माया खरी होती, हे आम्हांहून अधिक कोण जाणतो? पण माया आहे तेथे मजुरी कशाला, हा हिशेब मालकाचा झाला, आमचा नव्हे.

बाराव्याला मालवणकडचे एक वृद्ध मेंबर आले. पाकिटात 340 रुपये होते, 1982 ची बाकी. नातेवाईक म्हणाले, आता कशाला घेता? आम्ही घेतले, आणि आईच्या नावाने पावती लिहून दिली.