टाकाऊ कोण ठरवतो?



कामगार संघटनेच्या माणसाने कलेवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर अधिक झाले. म्हणून आरंभ आम्ही घरच्या अडगळीपासून करतो.

कामगाराच्या घरी एक पत्र्याचा डबा असतोच. वाकडे खिळे, नटबोल्ट, बिजागऱ्या, सुतळीचे तुकडे. घरधनीण म्हणते, "फेकून द्या एकदाचा!" आणि नळ गळू लागला की तीच विचारते, "अहो, तुमच्या डब्यात वायसर असेल का?" गरिबाचे हे जपणे कंजूषपणाचे नव्हे, ती पुढल्या गरजेची तरतूद होय. मात्र साठवणे निराळे, जपणे निराळे. डब्यात काय आहे हे ज्याला ठाऊक असते, तो वस्तू जपतो. ज्याला ठाऊक नसते, तो उंदीर पाळतो.

आता गोधडी पाहा. जुनी लुगडी, विरलेली धोतरे एकावर एक अंथरायची आणि कडेकडून आत धावदोरा घालत यायचे. गरज उबेची खरी. पण लाल तुकडा कोणत्या निळ्याशेजारी बसवावा, असा विचार बाई करू लागली की तेथे कला सुरू होते. तिला ही स्फूर्ती आकाशातून येत नाही. चिंध्यांचे गाठोडे सोडले की हाताला येणारा तुकडाच तिला पुढचे सुचवतो.

थोरांचेही असेच. पिकासोने १९४२ साली सायकलची जुनी सीट आणि हँडल एवढे दोनच भाग जोडून बैलाचे मस्तक केले. आमच्या अधिक जवळचे उदाहरण चंदीगढच्या नेकचंद यांचे. ते सरकारी बांधकाम खात्यात रस्त्यांवर देखरेख करीत. नव्या शहरासाठी जी गावे उठवली, त्यांच्या राडारोड्यातून फुटक्या बांगड्या, फरश्या, चिनी मातीचे तुकडे त्यांनी सायकलवरून वाहिले आणि सरकारी जंगलात गुपचूप मूर्तींची नगरी उभारली. नोकरी सांभाळून, उरल्या वेळात, कित्येक वर्षे! सत्तरीच्या दशकात हे उघडकीस आले. बांधकाम बेकायदेशीर, पाडून टाकणे सोपे होते. पण लोक पाहायला लोटले. १९७६ मध्ये बाग सर्वांसाठी खुली झाली. आणि सरकारने नेकचंदांना पगार देऊन त्याच कामावर नेमले, हाताखाली ५० मजूर दिले. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्या पद्मश्रीपेक्षा आम्हाला तो पगार मोलाचा वाटतो. कलेला स्फूर्ती लागते, तसा वेळही लागतो. आणि कष्टकऱ्याचा वेळ पोटाने आधीच गहाण ठेवलेला असतो. गोधडी शिवणाऱ्या बाईला कोणी कलावंत म्हटले नाही, कारण तिचे काम "घरचेच" ठरले. आज तीच गोधडी शहरातील दुकानात शोभेची वस्तू म्हणून मांडली जाते. आपण ती जरूर घ्यावी. परंतु शिवणारीच्या हातावर किती पडले, एवढे दुकानदारास विचारावे.

"टाकाऊ" हा शब्द आम्ही माणसांविषयीही ऐकला आहे. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा सूत नुसते चिमटीत धरून त्याची जात सांगणारे हात असेच अडगळीत टाकले गेले. वस्तू असो वा माणूस, टाकाऊ तो आपणहून होत नाही; त्याचा उपयोग न जाणणारा त्याला तसा ठरवतो.

माळा झाडताना हातातला तुकडा दोनदा पाहावा, एवढीच विनंती.